रयतेची दक्षिणा आणि गरिबाचे मूल

(मठाच्या वर्धापन-महोत्सवात, सुरत येथे भरलेल्या विद्यासभेत केलेल्या भाषणाचा पाठ)



ज्या व्यासपीठावरून आजवर वयोवृद्ध आणि ज्ञानवृद्ध पुरुषांनी आपणांस उपदेश केला, तेथे वयाची पस्तिशीही न ओलांडलेल्या, पाठशाळेत बटूंना शब्दरूपे आणि संधी शिकविणाऱ्या माझ्यासारख्या शिष्याने उभे राहावे, हे धाडसच होय. श्रीगुरूंची आज्ञा झाली म्हणून उभा आहे. विषयही त्यांनीच दिला. खाजगी शाळांना सरकारी तिजोरीतून द्रव्य द्यावे काय, आणि दिले तर गरिबाच्या मुलाला त्याचे काय मिळते, असा हा विषय आहे. व्याकरणाच्या अध्यापकाकडे तो कसा आला, असा प्रश्न आपल्या मनात येईल. माझ्याही मनात आला होता. परंतु विचार करता करता असे ध्यानी आले की हा प्रश्न संस्कृत पाठशाळेपासून दूरचा तर नाहीच. किंबहुना तो आमच्याच उंबरठ्यावर उभा आहे.

आपल्या महोत्सवाचा स्मृतिग्रंथ मराठी आणि गुजराती अशा दोन भाषांत निघावयाचा आहे. सुरतेत ही जोडी नवी नाही. १८४४ मध्ये याच नगरात दुर्गाराम मेहताजी हे गुजराती शिक्षक आणि दादोबा पांडुरंग हे मराठीचे व्याकरणकार यांनी मिळून मानवधर्म सभा स्थापन केली. दोघेही शाळेतले लोक. त्या दोघांचे स्मरण करून मी विषयाकडे वळतो.

प्रथम एक कथा सांगतो. आपणांपैकी अनेकांना ती ठाऊक असेल. कालिदासाच्या रघुवंशात पाचव्या सर्गात ती आली आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स अध्ययन संपवून गुरूंना दक्षिणा विचारू लागला. गुरू म्हणाले, तुझी सेवा हीच माझी दक्षिणा. शिष्याने पुनःपुन्हा हट्ट धरला, तेव्हा गुरू रागावले आणि चौदा विद्यांच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा आण म्हणाले. निर्धन कौत्स रघुराजाकडे गेला. राजाने तर विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले. अर्घ्य द्यावयास सोन्याचे पात्रही उरले नव्हते, मातीचे पात्र घेऊन तो सामोरा आला. तरीही विद्येसाठी आलेला याचक आपल्या दारातून विन्मुख जावा, हे राजाला सहन झाले नाही. दोन-तीन दिवस थांबा, एवढीच विनंती त्याने केली. कुबेराने रातोरात कोशागारात सुवर्णवृष्टी केली. राजा म्हणे, सगळे घेऊन जा. कौत्स म्हणे, गुरूंना देणे आहे त्याहून एक मुद्राही अधिक नको. अयोध्येतील जनांनी दोघांचीही धन्यता मानली.

भक्तजनहो, गरीब विद्यार्थ्याचे शुल्क राजाने भरावे, ही कल्पना आपणांस परकीय नाही, हे दाखविण्यासाठी मी ही कथा सांगितली. परंतु कथेतील तीन गोष्टी विसरू नयेत. राजाने विलंब लावला नाही. घेणाऱ्याने ठरल्याहून अधिक घेतले नाही. आणि कौत्सास गुरुगृही प्रवेश आधीच मिळाला होता. द्रव्याचा प्रश्न अध्ययन संपल्यावर निघाला. या तीन गोष्टी ज्या व्यवस्थेत असतील तेथे सार्वजनिक द्रव्य खाजगी विद्यागृहास देणे धर्म्य होय. यांपैकी एक जरी सुटली, तरी त्या व्यवहारात कुठेतरी अन्याय शिरतो.

आता कथेकडून इतिहासाकडे येतो. आणि प्रारंभ आमच्याच घरापासून करतो. पुण्यात पेशवे श्रावणमासात विद्वानांना दक्षिणा वाटीत. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्या दक्षिणेचा काही भाग चालू ठेवला आणि त्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे तिचेच रूपांतर होत होत डेक्कन कॉलेज झाले. त्या पाठशाळेने शास्त्रविद्या टिकविली, याबद्दल तिचे ऋण मी मान्य करतो. पण ती दक्षिणा आली कोठून? शेतकऱ्याच्या साऱ्यातून. आणि तेथे बसावयास प्रारंभी कोणाला मिळे? केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांना. सारा सर्वांनी भरावयाचा आणि विद्या थोड्यांनी घ्यावयाची, असा तो व्यवहार होता. १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्या सुधारकांनी त्या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या निर्मितीकडे वळवावा अशी मागणी केली, तेव्हा सनातनी मंडळींचा केवढा क्षोभ झाला हे प्रसिद्धच आहे. संस्कृत पाठशाळेतील माणूस म्हणून हे सांगताना मला संकोच होतो. पण न सांगितले तर पुढचे काहीही बोलण्याचा मला अधिकार राहणार नाही.

१८५४ मध्ये वूडसाहेबांचा खलिता आला आणि खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत हिंदुस्थानात रूढ झाली. आपण आज ज्यांना अनुदानित शाळा म्हणतो त्यांचे मूळ तेथे आहे. त्या खलित्यातील एक अट फारशी कोणाच्या स्मरणात नाही. जी शाळा विद्यार्थ्यांकडून थोडी तरी फी घेते तिलाच अनुदान द्यावे, अशी ती अट होती. फुकट मिळाले की किंमत राहत नाही, हा त्यामागचा विचार. म्हणजे सरकारी द्रव्य शाळेला मिळणार ते गरिबाच्या दारावर शुल्काची कडी लावल्यावर! १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर महात्मा जोतिराव फुले यांनी जे निवेदन ठेवले त्यात याच व्यवहारावर बोट ठेवले होते. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, हे त्यांनी दाखविले; आणि निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्या निवेदनात गरिबाच्या मुलासाठी दया मागितलेली नाही. हिशेब मागितला आहे. माझ्या आजच्या भाषणाचा गाभा एवढाच आहे.

ती मागणी पुरी होण्यास किती काळ लागला, पाहा. बडोद्याचे सयाजीराव महाराज मूळचे मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला. सुरतेच्या शेजारचे नवसारी, कामरेज, व्यारा हे मुलूख तेव्हा बडोद्याच्या राज्यात होते. म्हणजे आपल्या नगराच्या वेशीबाहेर गरिबाच्या मुलाला शाळेत बसविणे हे राजाचे कर्तव्य ठरले होते; वेशीच्या आत, इंग्रजी अमलात, ते ठरले नव्हते. १९११ मध्ये नामदार गोखल्यांनी तसेच विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या नावातच रयत आहे. ती खाजगी संस्था खरी. पण तिने दार रयतेच्या मुलासाठी उघडले आणि मुलांनी श्रम करून शिकावे अशी रीत घातली.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारी द्रव्य घेतले की सरकारी अंकुशही येतो, ही भीती मठांना आणि धर्मसंस्थांना नेहमी वाटते, आणि ती निराधार नाही. आपल्या सुरतेनेच याचा अनुभव घेतला आहे. १९२१ मध्ये असहकाराच्या काळात अहमदाबाद, नडियाद आणि सुरत येथील नगरपालिकांनी आपल्या शाळांसाठी मिळणारे सरकारी अनुदान आणि त्याबरोबर येणारी देखरेख नाकारली. परिणामी १९२२ मध्ये सरकारने सुरतेची लोकनियुक्त नगरपालिका दूर करून कारभार आपल्या नेमलेल्या समितीकडे दिला. या नगरातील वडीलधाऱ्यांनी स्वातंत्र्यासाठी अनुदान सोडले, यात संशय नाही. परंतु त्यांनी सोडले ते सरकारचे नियंत्रण. गरिबाचे मूल सोडले नाही. राष्ट्रीय शिक्षणाच्या शाळा लोकांच्या वर्गणीवर चालविण्याचा त्यांनी प्रयत्न केला. आज एखादी संस्था सरकारचा हस्तक्षेप नको म्हणते तेव्हा तिला सरकार नको आहे की गरीब मूल नको आहे, एवढे मात्र विचारून घेतले पाहिजे.

आता आजच्या व्यवस्थेविषयी. २००२ मधील घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यास अनुसरून २००९ मध्ये शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील बाराव्या कलमाने असे ठरविले की सरकारचे अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळेनेही पहिलीच्या वर्गात निदान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात आणि आठवीपर्यंत त्यांना विनामूल्य शिकवावे. त्याचा मोबदला सरकार देईल. मात्र सरकार आपल्या शाळेत एका मुलावर जेवढा खर्च करते तेवढा, किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जे कमी असेल ते. ज्या शाळेने सवलतीत जमीन वगैरे घेऊन आधीच विनामूल्य जागा देण्याचे बंधन पत्करले आहे तिला तेवढ्यापुरता मोबदला मिळत नाही. शाळाचालक न्यायालयात गेले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. २०१४ मध्ये अल्पसंख्याकांच्या शाळांना मात्र न्यायालयाने या कायद्यातून मुक्त केले.

महाराष्ट्रात अलीकडे जे घडले ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथील सरकारने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिच्यावर २५ टक्क्यांचे बंधन राहणार नाही, असा तो बदल होता. शहरांत अशी शाळा जवळ नाही असे ठिकाण शोधूनही सापडणे कठीण. म्हणजे दार जवळजवळ बंदच झाले. पालक न्यायालयात गेले आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. शाळांचीही एक तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. मोबदल्याची रक्कम वर्षानुवर्षे थकलेली होती. रघुराजाने दोन-तीन दिवस मागितले होते. आमच्या सरकारांना दोन-तीन वर्षेही पुरत नाहीत. परंतु देणेकऱ्याने पैसे थकविले म्हणून मुलाला बाहेर ठेवावे, हा न्याय कोणत्या शास्त्रात आहे?

आता आपल्या सुरतेत येऊ. या नगरात खानदेशातून, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून, पिढ्यान्पिढ्या माणसे आली. लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या भागांत मराठी आणि अहिराणी घरोघरी ऐकू येते. पुरुष यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करतात. बायका घरी साड्यांना टिकल्या आणि खडे लावतात. एका साडीचे मोजके पैसे मिळतात. आपल्या मठात गुरुवारी ज्या रांगा लागतात त्यांत निम्म्याहून अधिक माणसे याच वस्त्यांतील असतात.

गेल्या काही वर्षांत अशी एक माउली पाठशाळेत माझ्याकडे कागद घेऊन आली. तिच्या मुलासाठी खाजगी शाळेचा अर्ज भरावयाचा होता. अर्ज संगणकावर, भाषा गुजराती, आणि तिला वाचता येई ते मराठी, तेही अडखळत. जन्माचा दाखला गावाकडचा, उत्पन्नाचा दाखला येथील मामलतदार कचेरीतला, घर भाड्याचे म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार. घरमालक करार नोंदवून देण्यास तयार नव्हता. तीन दिवसांची मजुरी बुडवून नवऱ्याने कसाबसा तो कागद मिळविला. सोडतीत मुलाचा क्रमांक लागला तेव्हा ती पेढे घेऊन आली. दोन महिन्यांनी पुन्हा आली, ती रिकाम्या हातांनी. म्हणाली, “गुरुजी, फी नाही घेत ते. पण पुस्तकं त्यांच्याच दुकानातून घ्या म्हणतात, गणवेश दोन प्रकारचे, आणि बूट वेगळे. सहलीचे पैसे नव्हते म्हणून पोरगा त्या दिवशी घरीच राहिला. मला विचारत होता, आई, मी त्यांच्यातला नाही का?”

गुजरात सरकार अशा मुलाच्या पालकांना पुस्तके, गणवेश इत्यादींसाठी वर्षाला ३,००० रुपये देते. ही व्यवस्था चांगली आहे आणि तिची स्तुती केली पाहिजे. पण खर्च जूनमध्ये उभा राहतो आणि पैसे हाती पडेपर्यंत उधारी होते. शिवाय २०२५ मध्ये या राज्यात उत्पन्नाची मर्यादा वाढली. पूर्वी ती ग्रामीण भागात १ लाख २० हजार आणि शहरी भागात १ लाख ५० हजार होती, ती ६ लाखांवर गेली. निराधार मुले आणि इतर वंचित गट यांना अग्रक्रम आहे, हे खरे. तरीही अर्ज भरणे, कागद जमविणे, चुकीची दुरुस्ती करणे यांत ज्याच्या घरी शिकलेले माणूस आहे तो सहज पुढे जाईल. मर्यादा वाढली ती मध्यम स्थितीतील घरांना दिलासा म्हणून. पण ज्याला कोणी वाटाड्या नाही तो रांगेत आणखी मागे ढकलला जाऊ नये, ही काळजी कोणी घ्यावयाची?

आणि आठवीनंतर काय? कायद्याचे छत्र तेथे संपते. नववीत शाळा पूर्ण फी मागते. परीक्षेतून निवड झाल्यास राज्य सरकारची ज्ञानसाधना शिष्यवृत्ती आहे. पण ती सर्वांना मिळत नाही. आठ वर्षे एका बाकावर बसलेल्या मुलाला चौदाव्या वर्षी सांगावयाचे की आता तू येथला नाहीस, हे क्रूर आहे. आईने विचारलेला प्रश्नच पुन्हा, आणि अधिक कठीण वयात.

काही सज्जन असे म्हणतात की श्रीमंतांच्या मुलांबरोबर गरिबांची मुले बसली की दोघांचेही नुकसान होते. याविषयी केवळ तर्क करण्याची गरज नाही. दिल्लीतील खाजगी शाळांत गरीब मुले आल्यावर श्रीमंत मुलांत काय बदल झाला, याचा गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने बारकाईने अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब सहाध्यायी लाभलेली मुले अधिक उदार झाली, परोपकाराच्या कामात अधिक सहभागी झाली, आणि धावण्याच्या शर्यतीत जोडीदार निवडताना गरीब म्हणून त्याला टाळण्याची वृत्ती त्यांच्यात कमी झाली. अभ्यासातील गुणांवर मोठा अनिष्ट परिणाम दिसला नाही. ज्या समदृष्टीसाठी आम्ही पाठशाळेत वर्षानुवर्षे प्रवचने करतो ती त्या मुलांत एका बाकावर बसल्याने थोडीबहुत आली, हे मला विचार करावयास लावणारे वाटले.

परदेशांतील दोन अनुभवही बोधप्रद आहेत. नेदरलँड्समध्ये १९१७ मध्ये राज्यघटनेनेच धार्मिक संस्थांच्या शाळांना सरकारी शाळांइतकेच द्रव्य देण्याचे ठरविले. चिली देशात १९८१ पासून मुलागणिक खाजगी शाळांना सरकारी पैसा मिळू लागला. पण तेथे शाळांना मुले निवडण्याची आणि पुढे वरकड फी घेण्याचीही मोकळीक मिळाली. परिणाम असा झाला की श्रीमंत एकीकडे आणि गरीब दुसरीकडे अशी फाळणी वाढली. शेवटी २००८ मध्ये गरीब मुलासाठी अधिक रक्कम देण्याचा आणि २०१५ मध्ये सरकारी द्रव्य घेणाऱ्या शाळांतील निवड आणि वरकड फी बंद करण्याचा कायदा त्यांना करावा लागला. म्हणजे कौत्सापासून चिलीपर्यंत बोध एकच: लोकांचे द्रव्य घेणाऱ्याने वरकड घेऊ नये आणि दारात उभ्या राहिलेल्या मुलांत निवड करू नये.

अर्थात खाजगी शाळेतील चौथा हिस्सा म्हणजे सर्व गरिबांची शाळा नव्हे. बहुसंख्य मुले महानगरपालिकेच्याच शाळांत शिकतात आणि शिकणार. सुरत महानगरपालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून प्राथमिक शिक्षण देते. नववी-दहावीसाठी सुमन शाळा चालविते. खानदेशातून आलेल्या मुलास या परक्या प्रांतात मातृभाषेत अक्षरओळख करून देणारी ही व्यवस्था आहे. एका मुलाचा खाजगी शाळेत क्रमांक लागला म्हणून उरलेल्यांची शाळा ओस पडू द्यावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही. दोन्हीकडे आपले लक्ष हवे.

भक्तजनहो, आता जे सांगावयाचे ते सर्वांत कठीण आहे. शिक्षण हक्काच्या कायद्यात २०१२ मध्ये एक दुरुस्ती झाली. मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था यांना हा कायदा लागू नाही, असे तीत म्हटले आहे. म्हणजे आमच्या पाठशाळेवर २५ टक्क्यांचे कोणतेही बंधन नाही. धर्मशिक्षणाच्या स्वातंत्र्यासाठी ही सूट योग्यच आहे. परंतु कायद्याने आम्हांस वगळले म्हणून धर्मानेही वगळले आहे काय? मठाला मिळणाऱ्या दानावर करांत सवलत मिळते. ती सवलत म्हणजे सर्व जनतेने मिळून आम्हांस दिलेली दक्षिणाच होय. १८२१ च्या पाठशाळेप्रमाणे आम्हीही रयतेच्या द्रव्यावर उभे आहोत, एवढेच की ते द्रव्य डोळ्यांस दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पावसाळ्यात एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा पाठशाळेच्या ओसरीवर येऊन उभा राही. खिडकीतून पाठ ऐके आणि ओठ हलवी. एके दिवशी मला म्हणाला, “मलापण शिकायचंय.” मी त्याला विचारले, तुझे घर कोणते, तुला कोणाची ओळख आहे, वडिलांना घेऊन ये, चिठ्ठी आण. आमचा नियमच तसा होता. त्याचे वडील रात्रपाळीचे, दिवसा झोपलेले. तो दोनदा आला, मग आला नाही. त्याच्या वस्तीत मी पुढे चौकशी केली. खोली बदलून ते कुटुंब कुठे गेले ते कोणास ठाऊक नव्हते.

छांदोग्योपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा मी दरवर्षी बटूंना शिकवितो. त्यालाही गुरूंनी गोत्र विचारले होते. त्याच्याजवळ सांगण्यासारखे गोत्र नव्हते, आईने सांगितलेले खरे तेवढे होते. गुरूंनी त्या खरेपणावर त्याला जवळ केले. मी ती कथा शिकवितो, आणि ओसरीवरच्या मुलाकडे मी चिठ्ठी मागितली. या सभेत हे सांगितल्यावाचून मला या विषयावर बोलता आले नसते.

या महोत्सवाच्या निमित्ताने पाठशाळेशेजारी सर्वसाधारण शिक्षणाची शाळा काढण्याचा संकल्प मठाने केला आहे. त्याविषयी विश्वस्तमंडळींत मतभेद आहेत. शाळा आपल्या पायावर उभी राहावी म्हणून प्रारंभी फी भरणारीच मुले घ्यावीत, असे काहींना वाटते. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. जमाखर्च त्यांना सांभाळावा लागतो, मला नाही. तरीही माझी हात जोडून विनंती आहे. त्या शाळेत पहिल्याच वर्षी, पहिल्याच वर्गात, चारातील एक जागा यंत्रमागावरच्या आणि टिकल्या लावणाऱ्या घरांतील मुलांसाठी असावी. सरकारी मोबदला उशिरा आला तर तो हिशेब विश्वस्तांनी सरकारशी करावा. मुलाच्या कानी तो जाऊ नये. पुस्तके, बूट, सहल यांचा भार मठाच्या निधीने उचलावा. आठवीनंतर दहावीपर्यंत त्याचा हात सोडू नये. आणि मिळालेल्या प्रत्येक रुपयाचा जमाखर्च मठाच्या दारावरील फलकावर लागावा.

दुसरी विनंती भक्तांना आहे, आणि तिला द्रव्य लागत नाही. दरवर्षी अर्ज भरण्याच्या दिवसांत मठाची एक खोली, एक संगणक आणि मराठी-गुजराती दोन्ही जाणणारी चार माणसे संध्याकाळी बसली, तर त्या माउलीसारख्या कित्येकांची मजुरी बुडणार नाही. जे पालक आपल्या मुलास महापालिकेच्या मराठी शाळेत घालतात त्यांच्या मुलांना आठवड्यातून दोन तास वाचनास बसविण्याचे काम आम्ही पाठशाळेतील मोठे विद्यार्थी आणि अध्यापक करू. श्रीगुरूंची आज्ञा झाल्यास येत्या वर्षापासूनच आरंभ करू.

पाठशाळेपुरते एक मी श्रीगुरूंना विचारून केले आहे. चिठ्ठीचा नियम काढून टाकला आहे. ओसरीवर जो येईल त्याला आधी आत बसवावयाचे; नाव आणि गाव नंतर विचारावयाचे. त्या मुलाची मी अजून वाट पाहतो. तो न आला तरी दुसरे कोणी येईल, आणि त्याला परत पाठविण्याची बुद्धी आम्हां कोणालाही होऊ नये, एवढाच आशीर्वाद श्रीगुरूंच्या चरणी मागतो.